कमी दिवसांचं बाळ यादीत आलं तर

अगं, नवीन आशा सेविका म्हणून वहीत दोन तारखा लिही: जन्माची आणि डॉक्टरांनी दिलेली बाळंतपणाची. ८ आठवडे आधी झालेलं बाळ ६ महिन्यांचं असलं, तरी विकासाच्या हिशोबात ४ महिन्यांचंच. २ वर्षांपर्यंत असंच धरायचं. उगाच ‘बसत कसं नाही’ म्हणून आईला घाबरवू नको. डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीला मात्र ही सूट नाही, ती जन्मापासून ३० दिवसांच्या आत. कानाचीही बघ. पाय ताठ वाटले तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठव, तिथं पोरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करतात.

आपल्या बीडकडं खरी अडचण दसऱ्यानंतर. आईबाप ऊसतोडीला जातात अन् बाळाच्या तपासण्यांची फाईल घरीच राहते! ती गाठोड्यात बांधूनच दे. पोरगं चालायला लागलं तरी नाव खोडू नको; लिहिण्या-वाचण्यातल्या अडचणी कधीकधी शाळेतच दिसतात.