ब्राउनी ट्रूपसाठी विज्ञानाचा पॅच कसा निवडावा?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी अमेरिकेत तिसरीत आहे, तिच्या ब्राउनी ट्रूपमध्ये, म्हणजे गर्ल स्काउटच्या दुसरी-तिसरीतल्या मुलींच्या गटात, विज्ञानाचा पॅच प्रोग्राम घ्यायची जबाबदारी तुमच्यावर आली आहे, तुम्ही स्वतः कॉमर्सच्या, आणि या पॅचमधून मुली खरंच काही शिकतात की नुसते कापडी तुकडे गोळा होतात, ही शंका आहे.

मी ओहायोमध्ये कोलंबसजवळ राहते आणि गेली काही वर्षं गर्ल स्काउट ट्रूपची लीडर आहे. लहानपणी सातारा जिल्ह्यातल्या शाळेत गाईड होते. खरी कमाई, तंबू, गाठी, सगळं केलेलं. जबाबदारी जरूर घ्या. कॉमर्सचं अजिबात मनावर घेऊ नका. आणि सुरुवात चंद्रापासून करा. का ते पुढे सांगते.

आधी एक घोळ मिटवून टाकू, कारण पहिल्या वर्षी माझाही झाला होता. मुलींच्या व्हेस्टवर, म्हणजे गणवेशाच्या बिनबाह्यांच्या जाकिटावर, जे दिसतं ते सगळं एका किमतीचं नसतं. पुढच्या बाजूला लागतो तो अधिकृत बॅज. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, ब्राउनीच्या बॅजला सहसा पाच. मागच्या बाजूला लागतात ते पॅच. त्यातले काही नुसते हजेरीचे असतात, म्हणजे प्राणीसंग्रहालयात गेलो, पॅच मिळाला. आणि काही असतात खरे पॅच प्रोग्राम. एखादी कौन्सिल (गर्ल स्काउटची विभागीय शाखा), संग्रहालय, वेधशाळा किंवा अभियंत्यांची संघटना पुस्तिका काढते, वयोगटाप्रमाणे किती उपक्रम करायचे ते सांगते, आणि ते पूर्ण झाले की पॅच देते. पुस्तिका बहुतेक वेळा फुकट असते, पैसे कापडी पॅचचे. ते मुलींच्या दरवर्षीच्या कुकीविक्रीतून सहज निघतात.

विज्ञान इथे नंतर चिकटवलेलं आहे असंही समजू नका. ज्युलिएट गॉर्डन लो यांनी 1912 मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना इथे गर्ल स्काउट सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी मुलींसाठी इलेक्ट्रिशियनचा बॅज होता. त्या काळी अमेरिकेतल्या बहुतेक बायकांना मतदानाचा हक्कही नव्हता. मुलांच्या स्काउटमध्ये 1911 साली पहिले 57 मेरिट बॅज आले, त्यातही खगोलशास्त्र, रसायनशास्त्र आणि वीज होती.

आता तुमची शंका. ती रास्त आहे. आमच्या ट्रूपला पहिल्या वर्षी मी एका कार्यशाळेला नेलं होतं. मुलींनी तासभर स्लाइम, म्हणजे गोंद आणि बोरॅक्सचा लिबलिबीत गोळा, कालवला, रंग निवडले, डब्या भरल्या, आणि दारातून बाहेर पडताना प्रत्येकीच्या हातात ‘रसायनशास्त्र’ असं भरतकाम केलेला पॅच. परत येताना गाडीत मी विचारलं, गोंद घट्ट का झाला गं? एकीलाही सांगता आलं नाही, आणि विचारायचं असतं हेही कुणाला वाटलेलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. गोंदातल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या बोरॅक्सने एकमेकींना बांधल्या जातात, हे आठ वर्षांच्या मुलींना हातात हात घालून उभं करून पाच मिनिटांत दाखवता येतं. ती पाच मिनिटं कुणी दिली नाहीत. त्या दिवशी मी ठरवलं की ज्या पॅचसाठी मुलींनी स्वतः काही पाहिलं, मोजलं किंवा लिहून ठेवलं नाही, तो आपल्या ट्रूपमध्ये घ्यायचा नाही.

म्हणून चंद्र. 2018 मध्ये नासाच्या पैशातून आणि कॅलिफोर्नियातल्या सेटी इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने गर्ल स्काउटसाठी अवकाशविज्ञानाचे बॅज आले. ब्राउनींच्या बॅजचं नाव ‘स्पेस सायन्स ॲडव्हेंचरर’, आणि त्यात चंद्राचं निरीक्षण ही एक पायरीच आहे. ती एका संध्याकाळी उरकता येते. तशी उरकू नका, पूर्ण महिना द्या. प्रत्येक मुलीला एक वही, रोज एक गोल, त्यात चंद्राचा उजळ भाग रंगवायचा, शेजारी वेळ लिहायची आणि चंद्र कशाच्या वर दिसला ते लिहायचं: शेजाऱ्यांचं छप्पर, मेपलचं झाड, शाळेचा झेंडा. अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी सुरू करा, म्हणजे पहिले दोन आठवडे चंद्र झोपायच्या आधीच दिसतो. पौर्णिमेनंतर तो रात्री उशिरा उगवू लागतो, मग सकाळी शाळेच्या बसची वाट बघताना पश्चिमेला शोधायचा. दिवसा चंद्र दिसतो हेच आमच्या निम्म्या मुलींना ठाऊक नव्हतं. एकीने तर आईला फोन करून खात्री करून घेतली.

आमच्या ट्रूपची सगळ्यात चांगली बैठक या वह्यांमुळेच झाली. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो, असं मी वाचून सांगितलं होतं. ऑक्टोबरचे दिवस होते. पौर्णिमेच्या आसपासच्या तीन रात्री एका मुलीने समोरच्या छपरावर चंद्र कधी आला ते लिहून ठेवलं होतं, आणि तिचा फरक आला अर्ध्या तासाचा. ती म्हणाली, “माझं चुकलं.” दुसरीने वही उघडली. तिचाही अर्धा तास. तिसरीचाही. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला उत्तर येत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. म्हटलं, तुमच्या वह्या खोट्या नाहीत, मला माहीत नाही, आपण शोधू.

पुढच्या बैठकीपर्यंत मी वाचलं. 50 ही वर्षाची सरासरी. शरद ऋतूत पौर्णिमेच्या सुमारास संध्याकाळी चंद्राचा मार्ग पूर्वेच्या क्षितिजाला अगदी तिरका, जवळजवळ टेकलेला असतो. त्यामुळे रोज पुढे सरकूनही तो क्षितिजाखाली फारसा जात नाही आणि लवकर वर येतो. वसंतात उलट, तेव्हा हाच फरक तासापेक्षा जास्त होतो. आपण जितके उत्तरेला, तितका हा परिणाम ठळक. म्हणून तर इथले लोक त्या पौर्णिमेला हार्वेस्ट मून म्हणतात, लागोपाठ काही संध्याकाळी शेतकऱ्यांना कापणीला उजेड मिळायचा. मी हे एक ताट तिरकं धरून आणि त्यावर लिंबू सरकवून दाखवलं. आठ-नऊ वर्षांच्या मुलींना पुस्तकातला आकडा आणि डोळ्यांनी पाहिलेला आकडा वेगळा येतो हे कळलं, आणि दोन्ही खरे कसे हेही कळलं. यासाठी तुम्हाला विज्ञानाची पदवी लागणार नाही. ‘माहीत नाही’ म्हणून तिथे सोडून न देणं मात्र लागेल.

आपल्या घरातली एक गोष्टही इथे कामाला येते. माझी आई साताऱ्याहून संकष्टीला हमखास विचारते, “तिकडे चंद्रोदय कधी आहे गं?” दिनदर्शिकेत छापलेली वेळ तिकडची. मी हा प्रश्न माझ्या मुलीकडे सोपवला. भारतापेक्षा आपण साडेनऊ-साडेदहा तास मागे. तेवढ्यात चंद्र पुढे सरकतो, म्हणजे साधारण 20 मिनिटं उशीर तिथेच आला. शिवाय अक्षांश वेगळा, आणि उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेलं. हे सगळं तिने स्वतः मांडून आजीला वेळ सांगितली. आजीने तिकडे मोदक वाफवले होते, त्याचा फोटो मुलीने वहीत चिकटवला.

चंद्राच्या कला दाखवताना एक गैरसमज सांभाळा. बहुतेक मुली, आणि त्यांचे आईवडीलही, या कला पृथ्वीच्या सावलीने होतात असं समजतात. तोंडाने सांगून हे जात नाही. खोलीत अंधार करा, मध्ये शेड नसलेला एक दिवा, प्रत्येकीच्या हातात पेन्सिलीवर टोचलेला थर्मोकोलचा पांढरा गोळा. हात लांब करून डोक्यापेक्षा जरा वर धरायचा आणि स्वतःभोवती हळूहळू डावीकडे वळायचं. गोळ्यावर कोर उगवते, वाढते, भरते. आमच्याकडे सगळ्या एकदम गप्प झाल्या होत्या.

सूर्याचा भाग थोडक्यात सांगते. अतिनील किरणांनी रंग बदलणारे पांढरे मणी मिळतात, त्यांच्या राख्यांसारख्या माळा करा. नुसती माळ करून घरी पाठवलं तर तो पुन्हा स्लाइमच झाला. मण्यांना प्रश्न विचारू द्या. सनस्क्रीन लावलेले आणि न लावलेले, कापडाखालचे, ढगाळ दिवशीचे. ढग असूनही रंग येतो, हे बघून मुली चकित होतात. गाडीच्या पुढच्या काचेमागे मणी जवळजवळ पांढरेच राहतात, बाजूच्या काचेमागे मात्र अनेक गाड्यांत रंग धरतात. पुढची काच दोन थरांची असते आणि मधला प्लॅस्टिकचा पडदा हे किरण अडवतो. हा शोध आमच्याकडे एका मुलीने पार्किंगमध्ये लावला.

फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ येतो. कॉर्नेलची पक्षी प्रयोगशाळा आणि ऑड्यूबॉन सोसायटी यांनी 1998 मध्ये तो सुरू केला. चार दिवस, एका वेळी किमान 15 मिनिटं पक्षी मोजायचे आणि नोंद पाठवायची. मुलींची नोंद खऱ्या शास्त्रज्ञांच्या माहितीत जाते, याचा त्यांना फार अभिमान वाटतो. भारतातही तेव्हाच मोजतात. एका वर्षी माझ्या भावाने सांगलीत अंगणातले साळुंकी, कोतवाल आणि बुलबुल मोजले, आम्ही इकडे बर्फात कार्डिनल, चिकडी आणि जंको. भारतातल्या लहान गाईडना बुलबुलच म्हणतात, हे सांगितल्यावर ट्रूपमध्ये आठवडाभर तोच शब्द होता. त्याच सुमारास, 22 फेब्रुवारीला वर्ल्ड थिंकिंग डे असतो. तेव्हा पुण्यातल्या ‘संगम’ची गोष्ट जरूर सांगा. जगभरच्या गर्ल गाईड आणि गर्ल स्काउटचं ते एक जागतिक केंद्र, 1966 पासून आळंदी रस्त्यावर आहे. आपल्या गावाच्या वाटेवर असं काही आहे हे कळल्यावर माझ्या मुलीची मान ताठ झाली.

आणि 8 एप्रिल 2024 चं सूर्यग्रहण. कोलंबसचा बराचसा भाग खग्रास पट्ट्याच्या जेमतेम बाहेर होता, म्हणून आम्ही पालकांच्या गाड्या काढून लाइमा शहराकडे गेलो. आईही तेव्हा इथे होती. 1980 च्या ग्रहणाला आमची आळी दारं-खिडक्या लावून बसली होती, असं ती वाटेत मुलींना सांगत होती. मुलींना कामं वाटून दिली होती: दोघी थर्मामीटरवर, दोघी पक्ष्यांच्या आवाजावर, एक वेळ सांगायला. तापमानाच्या नोंदी नासाच्या ग्लोब ऑब्झर्व्हर ॲपवर जाणार होत्या. आईने घरातून पुरी तळायचा झारा आणला होता. त्याच्या प्रत्येक भोकातून कागदावर सूर्याची एक-एक कोर पडली. विकतच्या कुठल्याही साधनापुढे मुलींना तो झारा जास्त आवडला. मग तीन वाजून गेल्यावर अंधार झाला. कडेने पांढरी प्रभा, खालच्या बाजूला गुलाबी ठिपका, शेजारी शुक्र. तापमानवाल्या मुली रडत होत्या आणि तरी आकडे वाचत होत्या. आई हात जोडून हळूच म्हणाली, “दे दान, सुटे गिऱ्हाण.” एका मुलीने अर्थ विचारला, आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवत आईने तो मोडक्या इंग्रजीत समजावून सांगितला. त्या दिवसाचा पॅच माझ्या मुलीच्या व्हेस्टवर मागे अगदी मधोमध आहे.

तर निवडताना पुस्तिकेतली क्रियापदं बघा. ‘व्हिडिओ पाहा’, ‘चित्र रंगवा’, ‘कोडं सोडवा’ एवढंच असेल तर ती बाजूला ठेवा. ‘मोजा’, ‘तुलना करा’, ‘बांधून बघा’, ‘दुसऱ्या कुणाला समजावून सांगा’ असं असेल तर घ्या. गर्ल स्काउटमध्ये लीडरला बरीच मोकळीक असते. पायरीचा हेतू साधला की तुमच्या पद्धतीने केलेलं चालतं. पूर्वी फक्त मुलग्यांच्या असलेल्या स्काउटच्या मेरिट बॅजमध्ये तसं नाही, तिथे लिहिलंय तेवढंच करावं लागतं, कमीही नाही आणि जास्तही नाही. मुलगा त्या बाजूला असेल तर हे ध्यानात ठेवा. साहित्यावर फार खर्च करू नका. अरविंद गुप्तांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी नेटवर फुकट बघायला मिळतात. बॅटरी, चुंबक आणि तांब्याच्या तारेची ती छोटी मोटर आमच्या ट्रूपमध्ये अजून फिरते आहे.

पॅच लगेच देऊ नका. आम्ही महिन्याच्या शेवटी पालकांना बोलावतो. प्रत्येक मुलगी वही उघडून एक गोष्ट समजावते, मग तिला पॅच मिळतो.

पहिल्या बैठकीला दिवा, गोळे, पेन्सिली, वह्या एवढं पुरे. सोबत दुसरी नोंदणीकृत लीडर हवीच, तुमच्या नात्यातली नको. रात्री बाहेर नेणार असाल तर ब्राउनी वयाच्या 12 मुलींमागे किमान दोन मोठी माणसं लागतात. तारीख अमावास्येनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसाची ठरवा, बैठक सूर्यास्ताच्या जरा आधी संपवा, आणि निघताना सगळ्यांना पार्किंगमध्ये पश्चिमेकडे तोंड करून उभं करा.