वाचकांचे प्रश्न : कोर्दोबात राहायचं, कोर्दोबा समजून घ्यायचं

प्रश्न : शिक्षणासाठी सप्टेंबरपासून वर्षभर स्पेनमधल्या कोर्दोबात राहायचं आहे. जुन्या ज्यू वस्तीतल्या गल्ल्यांत घर घ्यावं का? घेताना काय पाहावं? (पुणे)

उत्तर : जरूर घ्या, पण घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अनामत पाठवू नका. पहिला आठवडा हॉस्टेलात काढा आणि घरं दिवसा पाहा. जुन्या घरांच्या भिंती जाड असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा तळमजला सुखाचा वाटतो, मात्र हिवाळ्यात तिथेच जमिनीतली ओल भिंतीत चढते. भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्यालाच नवा रंग दिसला तर मालकाला थेट विचारा. सर्वांत वरचा मजला याच्या उलट, उन्हाळ्यात भट्टी. एसी आणि हीटर दोन्ही चालवून पाहा.

विजेचं बिल मागून त्यावरची मंजूर क्षमता वाचा. ती 3.45 किलोवॅट असेल तर एसी, ओव्हन आणि पाण्याचा गीझर एकदम लावल्यावर वीज खटकन जाते. वेळेनुसार दर असलेल्या जोडणीत सोमवार ते शुक्रवार सकाळी 10 ते 2 आणि संध्याकाळी 6 ते 10 वीज सर्वांत महाग. कपडे धुण्याचं यंत्र शनिवार-रविवारी लावा. गीझर गॅसवर असेल तर 12.5 किलोचं नारिंगी सिलिंडर वर कोण चढवणार, हेही ठरवून घ्या.

करार दोन प्रकारचे असतात. कायमच्या राहण्याच्या घराला कायद्याने एक महिन्याचं भाडं अनामत, हंगामी कराराला दोन महिन्यांचं. विद्यार्थ्यांना बहुधा हंगामी करारच पुढे करतात. सही करण्याआधी एकच प्रश्न ठामपणे विचारा : या पत्त्यावर नगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंद करू द्याल ना? या नोंदीला तिथे एम्पाद्रोनामिएंतो म्हणतात. मालक टाळाटाळ करत असेल तर ते घर सोडा, कारण रहिवासाचा पुरावा जिथे लागेल तिथे हाच कागद मागतात. मुक्काम सहा महिन्यांहून जास्त असल्याने परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठीही स्पेनमध्ये शिरल्यापासून महिन्याभरात राष्ट्रीय पोलिसांकडे अर्ज करावा लागतो. त्यांच्या भेटीच्या वेळा पटकन भरतात, तेव्हा घरशोध चालू असतानाच वेळ घेऊन टाका.

प्रश्न : कोर्दोबातली मेझकिता, म्हणजे पोटात कॅथेड्रल असलेली जुनी मशीद, दोनदा पाहिली. लाल-पांढऱ्या कमानी सुंदर वाटल्या, पण सगळीकडे सारखंच दिसलं. नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने पाहायचं? (ठाणे)

उत्तर : ही वास्तू चार टप्प्यांत वाढली आणि पाचव्या टप्प्यात मधोमध फोडली गेली. बांधली त्याच क्रमाने चाललात तर सारखेपणा उरत नाही.

आत शिरल्यावर संत्र्याच्या झाडांच्या चौकालगतच्या वायव्य कोपऱ्यात थांबा. इथला मुस्लिम शासक पहिला अब्द अल-रहमान याने 785 च्या सुमारास सुरू केलेला भाग हाच. इथले खांब रोमन आणि त्यांच्यानंतर इथे राज्य केलेल्या व्हिसिगोथांच्या इमारतींमधून काढून आणलेले. म्हणून दगडाचा रंग जुळत नाही, जाडी जुळत नाही, खांबांचे माथे तर प्रत्येकाचे वेगळे. जुने खांब बुटके होते आणि एवढ्या मोठ्या दालनाला उंच छत हवं होतं. त्यावर उपाय म्हणजे कमानीवर कमान. खालची नालाच्या आकाराची कमान खांबांना एकमेकांशी जखडते, वरची अर्धगोल कमान छताचा भार घेते. दोन्हींमधली जागा मोकळी असल्यामुळे वजन कमी आणि उजेड जास्त. इथला लाल रंग विटेचा आहे, पांढरा दगडाचा.

तिथून सरळ दक्षिणेकडे चला. नवव्या शतकातली दुसऱ्या अब्द अल-रहमानची वाढ ओलांडली की दुसऱ्या अल-हकमचा भाग येतो, 962 पासूनचा. आता खांब मुद्दाम घडवलेले आहेत. गडद आणि गुलाबी असे आलटून पालटून उभे, कमानी एकमेकींत गुंतलेल्या. टोकाला मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा. त्याच्या भोवतीच्या सोनेरी मोझेकसाठी बायझंटाइन सम्राटाकडून कारागीर आणि काचेचे तुकडे आले होते. या वास्तूत वेळ कुठे घालवायचा असेल तर इथे. मान वर करून बरगड्यांचे घुमट पाहा, मिहराबच्या पुढचा सर्वांत आधी.

मग डावीकडे, म्हणजे पूर्वेला वळा. दक्षिणेला ग्वादालक्विविर नदी असल्याने खलिफाचा बलाढ्य मंत्री अल्मन्सोर याला 987 मध्ये पूर्वेकडेच वाढवावं लागलं. त्याने आठ रांगा जोडल्या आणि मिहराब दालनाच्या मध्यावर राहिला नाही. इथल्या कमानींवरचे लाल पट्टे जवळून पाहा. बरेचसे विटेचे नसून दगडावर रंगवलेले आहेत. काम मोठं होतं, घाई होती, ते दिसतं. खांबांवर कारागिरांनी कोरलेली नावंही सापडतात.

आता मधल्या कॅथेड्रलकडे या. 1236 मध्ये ख्रिस्ती राजा तिसरा फर्नांदो याने शहर जिंकलं आणि मशिदीचं चर्च झालं, पण पुढची जवळजवळ तीन शतकं मूळ दालनाला मोठा धक्का लागला नाही. 1523 मध्ये बिशप अलोन्सो मानरिकेच्या काळात हे उंच बांधकाम सुरू झालं, तेही नगरपालिकेचा विरोध डावलून. त्याने दालनाची सलगता कायमची मोडली, ही हानी भरून येणारी नाही. तरी तिथून पळ काढू नका. कॅथेड्रलच्या कडेला उभं राहून एका नजरेत दोन्ही छतांची उंची मोजा. दोन धर्मांची प्रार्थनेच्या जागेबद्दलची कल्पना किती वेगळी होती ते तिथे कळतं. बाहेर पडताना घंटेचा मनोरा पाहा. त्याच्या पोटात दहाव्या शतकातला मिनार अजून आहे.

सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ प्रवेश मोफत असतो आणि सहलींचे घोळके नसतात, मात्र साडेनऊच्या प्रार्थनेसाठी थोडं आधीच बाहेर काढतात. एका तासात हा सगळा क्रम होत नाही. शहरात राहणाऱ्याने एका सकाळी एकच टप्पा घ्यावा.

प्रश्न : मे महिन्यातले कोर्दोबाचे फुलांचे पातिओ, म्हणजे घरांच्या आतले चौक, पाहायला जायचं आहे. गर्दी कशी टाळावी? (नागपूर)

उत्तर : पातिओंची स्पर्धा 1921 पासूनची, आणि 2012 पासून हा उत्सव युनेस्कोच्या यादीत आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात घरमालक आपले चौक मोफत उघडे ठेवतात, साधारण 11 ते 2 आणि संध्याकाळी 6 ते 10. शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवारी सकाळी 11 ला सान बासिलियो भागात पहिल्या दारापाशी हजर राहा.

फुलांइतकंच रचनेकडेही लक्ष द्या. आपल्या वाड्याच्या चौकासारखा हा चौक घराला हवा आणि उजेड पुरवतो. चुन्याच्या पांढऱ्या भिंती ऊन परतवतात, गोट्यांच्या फरशीवर शिंपडलेलं पाणी सुकताना गारवा देतं, दुपारी वरून कापडी छत ओढतात. उंच भिंतीवरच्या कुंड्यांना लांब बांबूच्या टोकाला डबा बांधून पाणी घालतात. हे लोकांचं राहतं घर असतं. कुंड्यांना हात लावू नका, आणि दाराशी घरची आजी बसली असेल तर आधी तिला नमस्कार करा, मग कॅमेरा काढा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. सालमोरेखो खाता येईल का, घरी कसं करावं? (नाशिक)

उत्तर : सालमोरेखो म्हणजे टोमॅटोचं गार सूप. मूळ सूप शाकाहारी आहे, पण वरून हॅमचे तुकडे आणि उकडलेलं अंडं घालतात. मागवताना ‘सिन हामोन, सिन उएवो’ असं स्पष्ट सांगा.

घरी करायला 1 किलो पूर्ण पिकलेले टोमॅटो, 200 ग्रॅम शिळा पाव, 100 ग्रॅम एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, लसणाची 1 पाकळी, 10 ग्रॅम मीठ. टोमॅटो वाटून गाळा, त्यात पाव 10 मिनिटं भिजू द्या, लसूण-मीठ घालून पुन्हा वाटा. तेल शेवटी, मिक्सर चालू ठेवून बारीक धारेने. एकदम ओतलं तर ते मिळून येत नाही, वर तरंगतं. मऊ, गोडसर सँडविच ब्रेड वापरला की चिकट खळ होते. तिथला तेलेरा पाव घट्ट असतो, तसाच घट्ट, बिनगोड पाव शोधा. लसणाची पाकळी एकच, आणि तिच्या आतला हिरवा कोंब काढून टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी उग्र वास येतो. निदान दोन तास फ्रिजमध्ये ठेवून गारच वाढा.