जे (J) या प्रोग्रामिंग लँग्वेजमध्ये शेप आणि रँक म्हणजे नक्की काय? ५ चा शेप रिकामा का येतो?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. $ ५ टाकलं, म्हणजे ५ चा शेप विचारला, की नुसती रिकामी ओळ येते हा बग आहे का, रँक म्हणजे कॉलेजच्या गणितातलीच रँक का, आणि १० २० ३० हे २ बाय ३ च्या टेबलमध्ये मिळवताना लेंग्थ एरर का येतो. बग नाहीये, रँक ती नाही, आणि एररचं शेवटी सांगतो कारण त्याला आधीचं कळलेलं लागतं. (इथे आकडे मराठीत लिहितोय, मशीनवर इंग्रजी आकडे टाका.)

कॉलेजवाली रँक आधी बाजूला ठेवा. तिथे किती ओळी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत ते मोजतात, म्हणून सगळीकडे १ भरलेल्या २ बाय ३ च्या मॅट्रिक्सची तिथली रँक १ येते. इथे त्याच मॅट्रिक्सची रँक २, आत काहीही भरलेलं असो.

मी मुलुंडला राहतो, सोसायटीचा खजिनदार आहे आणि मेंटेनन्सचा हिशोब जे मध्येच ठेवतो, म्हणून तेच उदाहरण घेतो. दोन विंग, प्रत्येकीत सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट. एका महिन्याचे ५६ आकडे ओळीने ठेवून त्यांच्या डावीकडे २ ७ ४ $ लिहिलं की अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांची मांडणी, तयार. भरताना शेवटची बाजू आधी फिरते, म्हणजे ए विंगचा पहिला मजला, त्याचे चार फ्लॅट, मग दुसरा मजला, असं करत बी विंग. आकडे कमी पडले तर जे गप्प बसतं आणि पहिल्यापासून परत भरायला घेतं, एरर देत नाही, त्यामुळे ५६ आहेत ना हे स्वतः मोजून घ्या.

आता याच अ‍ॅरेला नुसता $ लावा, २ ७ ४ परत मिळेल, हा शेप. शेप ही एक यादी आहे हे पक्कं धरून ठेवा, बाकी सगळं त्यातून निघतं. यादीत किती आकडे आहेत ती रँक, म्हणून # $ दिलं (# म्हणजे मोजणी) की ३. सगळ्यांचा गुणाकार केला, */ $, की ५६. एखाद्या फ्लॅटपर्यंत पोचायला पत्त्यात किती गोष्टी सांगाव्या लागतात ती रँक, असं मी समजावतो: बी विंग, तिसरा मजला, दुसरा फ्लॅट, झाल्या तीन.

मग तुमचा ५. त्याला विंग नको, मजला नको, फ्लॅट नको, एकटाच आहे, पत्ता सांगायची वेळच येत नाही. पत्ता रिकामा म्हणून शेपची यादी रिकामी आणि तीच रिकामी ओळ तुम्हाला दिसली. # $ ५ करून बघा, ० येईल. आणि */ $ ५ केलं तर १ येतं, कारण गुणायला काहीच नसेल तर गुणाकार १ धरतात, आणि आकडा एकच आहे हे बरोबरच आहे की! आता $ , ५ टाका, १ येईल, कारण स्वल्पविरामाने त्याची एक आकड्याची यादी झाली, आता पत्ता लागतो, ‘पहिला’. आणि १ १ $ ५ चा शेप १ १. तिन्ही ठिकाणी आत ५ च आहे, पण रँक ०, १, २.

हे उगाच शास्त्र वाटतं पण वाटतं तसं नाही, कारण खरा उपयोग पुढे आहे. रँक फक्त डेटाला नसते, कामालाही असते, म्हणजे व्हर्ब (जे मध्ये + सारख्या, काम करणाऱ्या चिन्हाला व्हर्ब म्हणतात) एका वेळी केवढा तुकडा उचलणार ते. +/"१ म्हणजे रँक १ चे तुकडे उचल आणि प्रत्येकाची बेरीज कर. आपल्याकडे रँक १ चा तुकडा म्हणजे एक मजला, चार फ्लॅट. शेपमधून शेवटचा ४ तुकड्यात गेला, मागे २ ७ राहिले, प्रत्येक तुकड्यातून एक सुटा आकडा आला ज्याचा शेप रिकामा, तो २ ७ च्या पुढे जोडला तर २ ७ च. म्हणजे मजल्यागणिक बेरीज. सुट्या आकड्याचा शेप १ मानला असता तर इथे २ ७ १ आलं असतं आणि प्रत्येक बेरजेनंतर ते शेपूट कापत बसावं लागलं असतं. +/"२ केलं तर अख्खी विंग उचलली जाते, ७ ४ चा तुकडा, त्यातून ४ आकडे येतात, उत्तराचा शेप २ ४.

आणि नुसतं +/ केलं तर? ते सगळा अ‍ॅरे उचलतं आणि पहिल्या बाजूवर बेरीज करतं, २ जातो, ७ ४ उरतं. इथे मी एकदा फसलोय. मजल्याची बेरीज हवी होती, "१ लिहायचं राहिलं, स्क्रीनवर सात ओळी चार कॉलमचं टेबल आलं, अगदी एका विंगसारखं दिसणारं. आमच्याकडे फ्लॅटला ४५०० आहेत आणि बहुतेक ठिकाणी ९००० दिसत होते, मला वाटलं लोकांनी मागची थकबाकीही भरली. ३०२ समोर ४५०० होते, म्हटलं यांनी चालू महिन्याचे भरले. खरं तर ए ३०२ आणि बी ३०२ मिळून ४५०० होते, म्हणजे दोघांपैकी एकाने भरलेच नव्हते. कुठेही एरर नाही, आकडेही पटणारे. त्यानंतर मी कुठलीही बेरीज लिहिण्याआधी उत्तराचा शेप काय यायला हवा ते कागदावर लिहितो आणि मग $ लावून ताडून बघतो, तुम्हीही पहिले काही महिने हे कराच.

चिन्हाचं जाता जाता सांगतो. एपीएल या जे च्या आधीच्या लँग्वेजमध्ये $ चं काम ग्रीक अक्षर रो करतो, आणि १९९० मध्ये केनेथ आयव्हर्सन आणि रॉजर ह्युई यांनी जे केली तेव्हा साध्या कीबोर्डवरची चिन्हं घेतली, म्हणून आपल्या वाट्याला डॉलर.

आता तुमचा लेंग्थ एरर. १० २० ३० चा शेप ३, टेबलचा २ ३. जे लँग्वेज हे शेप पुढून जुळवते, ३ आणि २, जुळत नाही, एरर. तुम्ही नमपायवरून (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) आलाय असं दिसतं, तिथे मागून जुळवतात म्हणून तेच चालून जातं. उलट १० २० मिळवून बघा, इथे चालेल, पहिल्या ओळीत सगळीकडे १० आणि दुसरीत २० मिळतील. तुम्हाला प्रत्येक ओळीत १० २० ३० मिळवायचेत ना, मग दोन्हीकडून एकेक यादी उचलायला सांगा:

१० २० ३० +"१ (२ ३ $ १ २ ३ ४ ५ ६)

पहिली ओळ ११ २२ ३३, दुसरी १४ २५ ३६.