ठाण्यात जॉब करतो, मुंबई विद्यापीठातून पार्ट टाइम पीएचडी जमेल का?

हो जमेल, पण ऑफिसची एनओसी लागते आणि नुसतं 'आमची हरकत नाही' लिहून भागत नाही, काम सांभाळून रिसर्चला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी (पीएचडीच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमासाठी) कामातून मोकळं करू हेही त्यात हवं, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीतच तसं आहे. खरी मारामारी गाइडची! प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४ च विद्यार्थी, त्यात रिटायरमेंटला ३ वर्षांपेक्षा कमी उरलेले सर नवीन कोणाला घेऊच शकत नाहीत, म्हणून मोठ्या नावामागे धावण्याआधी जागा आहे का ते विचारा. फक्त विद्यापीठाचं ठाण्यातलं बाळकुमचं उपकेंद्र घराजवळ आहे म्हणून तिथेच सगळं होईल असं धरून चालू नका, तुमच्या विषयाचं रिसर्च सेंटर मुंबईतल्या कलिना कॅम्पसलाही असू शकतं.