ऑफर ‘रिसिंड’ केली म्हणजे नक्की काय केलं?

प्रश्न : माझ्या मुलीला एका कंपनीचं ऑफर लेटर आलं, तिने जुन्या ठिकाणी राजीनामाही टाकला, आणि जॉइनिंगला आठ दिवस राहिले असताना मेल आला, ‘युअर ऑफर हॅज बीन रिसिंडेड’. तिने फोनवर सांगितलं ते मला ‘रिसेंड’ ऐकू आलं, म्हटलं लेटर परत पाठवलंय, काहीतरी दुरुस्ती असेल, आणि मी खुशाल शेजारी पेढे देऊन आले. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा खरं काय ते कळलं. हा कुठला शब्द आहे आणि ही माणसं सरळ कॅन्सल का लिहीत नाहीत?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, पेढ्यांचं मनाला लावून घेऊ नका, रिसिंड आणि रिसेंड यात भलेभले गडबडतात. स्पेलिंगमध्ये एस आणि सी शेजारी शेजारी येतात, पण त्यातल्या सीला आवाज नाही, म्हणून उच्चार रि-सिंड, जोर ‘सिंड’वर. कानाला एवढासाच फरक आणि अर्थ पार उलटा, एकात पत्र परत येतं आणि दुसऱ्यात पत्रातला शब्दच परत जातो.

रिसिंड म्हणजे आपणच दिलेली गोष्ट, घेतलेला निर्णय, काढलेला आदेश अधिकृतपणे मागे घेणं. यात ‘आपणच दिलेली’ हे महत्त्वाचं. कॅन्सल कोणीही काहीही करतं, तुम्ही तिकीट कॅन्सल करता, रेल्वे गाडी कॅन्सल करते, दूधवाल्याला सांगून उद्याचं दूध कॅन्सल होतं, पण ‘मी दूध रिसिंड केलं’ म्हणालात तर घरातले थर्मामीटर आणतील. रिसिंड करायला आधी कोणीतरी कोणालातरी शब्द दिलेला लागतो. ऑफर कंपनीने दिली, म्हणून कंपनीच ती रिसिंड करू शकते, तुमच्या लेकीने नको म्हटलं असतं तर तिने ती डिक्लाइन केली असं झालं असतं. आणि टर्मिनेट का नाही, तर ती अजून जॉइनच झाली नव्हती.

मूळ लॅटिन ‘स्किंडेरे’, म्हणजे कापणं, फाडणं. गंमत अशी की आपल्या कायद्याच्या मराठीत याला जो शब्द आहे त्यातही कापणंच आहे, ‘विखंडित करणे’. पेपरात वाचला असेल, महापालिकेने एखादा ठराव केला आणि आयुक्तांना तो बेकायदा वाटला की तो ‘विखंडित करण्यासाठी शासनाकडे पाठवला’ अशी बातमी येते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 451 मध्ये शासनाला ठराव सस्पेंड किंवा रिसिंड करायचा अधिकार आहे, ते रिसिंड म्हणजेच हे विखंडित. (इथे मात्र ठराव पालिकेचा आणि कापणारं शासन, म्हणजे मी वर सांगितलेल्या नियमाला हा अपवाद झाला, वरच्या अधिकाऱ्याला ती मुभा असते.) 1872 च्या भारतीय करार कायद्यातही हाच शब्द आहे, कलम 62 म्हणतं की दोन्ही बाजूंनी मिळून करार रिसिंड केला की मूळ करार पाळायची गरज उरत नाही. त्याचं नाम होतं ‘रिसिझन’, त्याला रिसेशन वाचू नका, ती मंदी, जरी पुष्कळदा एकीमुळे दुसरं होत असलं तरी.

याचे भाऊबंद बरेच आहेत. रिव्होक हा सख्खा भाऊ, लायसन्स, परवानगी, व्हिसा, अधिकार असलं काही काढून घेतलं की तो येतो. रिपील फक्त कायद्यांसाठी, आपल्याकडे त्याला निरसन म्हणतात, 2021 च्या नोव्हेंबरमध्ये तीन शेती कायद्यांचं झालं ते हेच. ॲनल मुख्यतः लग्नासाठी, त्यात घटस्फोट नसतो, लग्न कायद्याने झालंच नव्हतं असं कोर्ट धरतं. आणि संप, शोधमोहीम, ठरलेलं लग्न ऐनवेळी मोडणं यासाठी बोलीतला साधा कॉल ऑफ.

आता कॅन्सल का नाही लिहिलं? एक कारण म्हणजे एचआरच्या इंग्रजीत ऑफरला रिसिंड हीच जोडी ठरून गेलीय. पण मला जास्त खटकतं ते त्या वाक्यातलं ‘हॅज बीन’. कोणी केलं ते कुठेच नाही, जणू ऑफर आपली आपण गेली. आपण तरी कुठे मागे आहोत म्हणा, ‘सदर नियुक्ती रद्द करण्यात येत आहे’ यात करणारा माणूस शोधून दाखवा. ‘आम्ही तुम्हाला दिलेली नोकरी आम्ही परत घेतोय’ असं लिहिलं की सही करणाऱ्याचा हात अडखळतो, रिसिंडेड लिहिलं की नाही अडखळत.

लेकीला सांगा, त्यांना मेल करून कारण लेखी मागव, तिकडे ‘रीझन फॉर रिसिंडिंग द ऑफर’ बिनधास्त लिहिलं तरी चालेल, शब्द त्यांचाच आहे. ऑफर लेटर, तिने होकार दिलेला मेल आणि राजीनाम्याची तारीख एकत्र ठेवून एकदा वकिलाला दाखवा. आणि जुन्या ऑफिसात अजून नोटीस पिरियड चालू असेल तर राजीनामा मागे घ्यायचं आजच विचारा, फक्त त्या मेलमध्ये ‘विथड्रॉ’ लिहा, ‘आय विश टु विथड्रॉ माय रेझिग्नेशन’. तिथे रिसिंड व्याकरणाने चुकत नाही, पण तो शब्द परत टाइप करायची तिची इच्छा असेल असं मला वाटत नाही.