पेस्टोसाठी, म्हणजे बेझिलच्या इटालियन चटणीसाठी, दारातली तुळस चालेल का? आणि बेझिल खाऊन तब्येतीला खरंच फायदा होतो का?

तुळशीचा पेस्टो करून बघायला हरकत नाही, पण त्याला लवंगेचा वास येईल. लवंगेतलं युजेनॉल तुळशीतही असतं, म्हणून ती काढ्यात आणि चहात शोभते. पास्त्यावरचं बेझिल तिच्याच कुळातलं, पण झाड वेगळं. वास गोडसर, किंचित बडीशेपेकडे झुकणारा. फालुद्यातला सब्जा म्हणजे या बेझिलच्याच जातीचं बी. वाण्याकडचा सब्जा कुंडीत पेरलात तर बहुतेक वेळा उगवतो. पानं इटालियन वाणाएवढी रुंद नसतात आणि वासही उग्र असतो, पण टोमॅटोबरोबर छान लागतात.

थायलंडमध्ये मात्र 'पाड क्रापाओ'त, म्हणजे मिरची-लसणीवर परतलेल्या चिकन किंवा पोर्कमध्ये, तुळसच घालतात. घरी वृंदावन असेल तर हे हळू आवाजात सांगा.

पेस्टो मूळचा इटलीतल्या जिनोआचा. बेझिलची पानं, लसूण, जाडं मीठ, पाइन नट्स (म्हणजे चिलगोजे), पार्मेझान आणि पेकोरिनो चीज, ऑलिव्ह तेल. मी पाइन नट्सऐवजी काजू घालते, कारण चिलगोजे परवडत नाहीत. जमलं तर खलबत्त्यात कुटा. मिक्सरच लावणार असाल तर भांडं आधी फ्रीजमध्ये गार करा आणि थांबत थांबत फिरवा, नाहीतर पानं काळी पडतात. पेस्टो फोडणीत घालून शिजवायचा नाही. गॅस बंद करून गरम पास्त्यात कालवायचा. पिझ्झावर, सूपमध्येही पानं शेवटीच.

आता फायद्याचं. १०० ग्रॅम पानांत साधारण ४०० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असतं, हे खरं. पण १०० ग्रॅम पानं खातो कोण? ताटात येतात पाच-सहा. पेस्टोत पानं जास्त जातात, पण बरोबर तेल आणि चीजही येतं. तेव्हा औषध म्हणून नको, चवीसाठी खा. घरात कुणाला वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, चालू असेल तर मात्र पेस्टो अचानक रोज सुरू करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. व्हिटॅमिन के त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं.

सब्ज्यात तंतू भरपूर, पोट साफ व्हायला मदत होते. पण तो पाण्यात पंधरा-वीस मिनिटं पूर्ण फुगू द्या. कोरडा तोंडात टाकला तर घशात फुगून अडकू शकतो, लहान मुलांच्या बाबतीत विशेष जपा.

आणि बेझिलची जुडी फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीने पानं काळवंडतात. देठ पाण्यात बुडतील अशी पेल्यात ठेवून ओट्यावरच राहू द्या.