चंद्रावरचा दूरनियंत्रित रणगाडा: संपर्क तुटल्यावर त्याने काय करावे?

आपल्या विज्ञानकथेत बिनमाणसांचा एक रणगाडा चंद्रावर लढतो आणि पुण्याजवळच्या भुयारी नियंत्रण कक्षात बसलेला चालक तो चालवतो. हे वाचकाला पटेल का आणि रणगाड्याचे चिलखत, तोफ व वेग यांचे आकडे कोणते द्यावेत, असे आपण विचारले आहे. चिलखत आणि तोफ यांचा विचार नंतर करावा, असे मला वाटते. संपर्क तुटला की हे वाहन काय करते, हे आधी ठरवावे. बाकीचे बरेचसे त्यातूनच ठरत जाईल.

मी कारखान्यातल्या क्रेनच्या देखभालीचे काम अनेक वर्षे केले आहे, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा वाटतो. आमच्याकडच्या डोक्यावरून फिरणाऱ्या क्रेन रेडिओ रिमोटवर चालत. ऑपरेटर कमरेला रिमोट बांधून खाली उभा असे आणि त्याच्यापासून पंधरा पावलांवर दोन टनांचे कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव भाग, हुकाला लटकत असे. रिमोटची बॅटरी उतरली किंवा मध्येच लहरींचा अडथळा आला, की क्रेनवरचा रिसीव्हर क्षणभर वाट पाहून मेन काँटॅक्टर, म्हणजे क्रेनला वीज देणारा मुख्य स्विच, सोडून देई. वर ब्रेक खट्कन लागत, कास्टिंग दोन-तीन झोके घेई आणि स्थिर होई. संपर्क तुटला की थांबायचे आणि थांबले की धोका टळला, हे आमच्या कामातले समीकरण इतके पक्के होते की त्यावर कोणी कधी वाद घातला नाही. रणभूमीवर ते टिकत नाही, कारण उघड्यावर थांबलेल्या रणगाड्याइतके सोपे लक्ष्य शत्रूला दुसरे मिळणार नाही. मग तो आल्या वाटेने मागे फिरेल, जवळचा आडोसा गाठेल, की शेवटचा मिळालेला हुकूम पाळत पुढेच जाईल? आणि त्या क्षणी तोफ भरलेली असेल तर?

प्रत्यक्ष इतिहासातही अशा वाहनांचा घात अनेकदा संपर्कानेच केला आहे. जर्मनीने दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून ‘गोलियाथ’ नावाचे स्फोटकांनी भरलेले, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर धावणारे छोटे वाहन वापरले. त्याच्या मागे नियंत्रणाची तार सुटत जात असे आणि १९४४ च्या वॉर्सा उठावातल्या पोलिश लढवय्यांनी ती तारच तोडायला सुरुवात केली. सोव्हिएत सैन्याने १९३९-४० च्या फिनलंडविरुद्धच्या युद्धात रेडिओवर चालणारे रणगाडे उतरवले, पण प्रत्येक रणगाड्यामागे काही शे मीटरवर माणसे बसलेला दुसरा रणगाडा ठेवावा लागे. आपल्याकडे दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेत तयार झालेला ‘दक्ष’ हा दूरनियंत्रित यंत्रमानव बॉम्ब निकामी करतो. त्याचे काम एका जागी पडून असलेल्या वस्तूशी असते आणि चालक फार लांब नसतो, म्हणून तिथे थांबून विचार करायला उसंत मिळते. आपल्या रणगाड्याला ती मिळणार नाही.

आता चंद्राकडे येऊ. पृथ्वीपासून तो सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे, त्यामुळे संदेश एका बाजूने पोहोचायला सुमारे १.३ सेकंद लागतात. चालकाला दिसणारे दृश्य तेवढे जुने असते आणि त्याने दाबलेला ब्रेक आणखी तेवढ्याच वेळाने लागतो. रणगाडा ताशी ३० किलोमीटरने धावत असेल, तर दगड कॅमेऱ्यात आल्यापासून ब्रेक लागेपर्यंत तो सुमारे २२ मीटर पुढे गेलेला असेल, आणि त्यात माणसाच्या प्रतिक्रियेचा वेळ धरलेलाच नाही. नोव्हेंबर १९७० मध्ये चंद्रावर उतरलेले लुनोखोद-१ हे आठ चाकांचे सोव्हिएत वाहन क्रिमियातून चालवले जाई. त्याचा कमाल वेग ताशी दोन किलोमीटरच्या आसपास होता आणि चालकासमोर सलग चित्रफीत नसून काही सेकंदांच्या अंतराने येणारी स्थिर चित्रे असत. मला त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती पाच जणांच्या चमूची रचना. कमांडर, चालक, मार्गदर्शक आणि अभियंता यांच्याबरोबर अँटेना पृथ्वीकडे रोखून ठेवण्यासाठी एक स्वतंत्र माणूस होता. आपल्या नियंत्रण कक्षात तो माणूस अवश्य बसवा. चालकाइतकेच प्रसंग त्याच्या वाट्याला येतील.

चालकाला चंद्रावरच्याच तळावर बसवले तर विलंब नाहीसा होतो, मात्र नवी अडचण उभी राहते. चंद्र लहान असल्यामुळे तिथे दोन मीटर उंचीवरून क्षितिज अवघ्या अडीच-पावणेतीन किलोमीटरवर असते आणि रेडिओ लहरी परतवून लावणारा पृथ्वीसारखा वातावरणाचा थरही नाही. टेकडीआड गेलेल्या रणगाड्याशी बोलायला उंच मनोरा किंवा उपग्रह हवाच. चंद्राच्या पाठीमागच्या बाजूला तर पृथ्वीवरून थेट संदेश पोहोचतच नाही. चीनने २०१९ मध्ये तिथे चांग-ई-४ उतरवण्याआधी, २०१८ मध्येच, संदेश पुढे पाठवणारा उपग्रह सोडला होता. आपल्या कथेतला शत्रू शहाणा असेल तर तो रणगाड्याच्या नादी न लागता असा उपग्रह आधी पाडेल.

१९६७ च्या बाह्य अवकाश कराराने चंद्रावर लष्करी तळ उभारण्यास, शस्त्रांची चाचणी घेण्यास आणि लष्करी कवायती करण्यास मनाई केली आहे आणि भारत त्या कराराचा पक्षकार आहे. तो करार मोडला कसा, हे कथेत एक-दोन वाक्यांत तरी यायला हवे.

संपर्क तुटल्यावर रणगाडा आल्या वाटेने मागे फिरतो, असे ठरवलेत तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. चंद्रावर वारा नाही, म्हणून चाकोरी बुजत नाही. रणगाड्याला परतीची वाट दाखवणारी तीच खूण शत्रूलाही तितकीच स्पष्ट दिसते, आणि सुरुंग नेमके कुठे पेरावेत हे त्याला तिच्यावरूनच कळते.